देवळाच्या वाडीतला माझा तुकडा

माघ वद्य चतुर्थी, सोमवार. आमचा मुलगा धर्मा म्हणतो इंग्रजी सनही घाल. १९३०. घातला.

पहिला आला तो येसाजी. वहाणा हातात, उपरणं डोक्यावर, तोंड असं की जणू आमच्याकडे कोणी गेलंय. त्याच्यामागे विहिरीवरच्या सगळ्याजणी, कळशा कमरेवर तशाच. मी कोयती घेऊन घाणेरीच्या जाळीत उभी, लुगड्याला काटे, केसांत पानं. येसाजी म्हणतो, "रतनकाकी, सोनाराच्या घरच्या बाईने कोयती धरलेली आज पहिल्यांदा बघतोय. बोटं सांभाळा." मी म्हटलं, "तुटलं एखादं तर सांधून द्यायला घरीच सोनार आहे." सगळ्या खो-खो हसल्या. मलाही इतकं हसू आलं की कोयती खाली ठेवावी लागली.

आता हे सगळं काय ते लिहिते, नाहीतर पुढे मलाच आठवायचं नाही. देवळाची वाडी आहे खाडीच्या बाजूला, नागावच्या अलीकडे. तिचे तुकडे पाडलेत. देवापुढे नारळ ठेवायचा नि तुकडा मागायचा. त्यात लावायचं ते भाजी नि फुलं. देवाला रोज फुलं द्यायची, बाकी आपलं. विहीर एकच, त्यावर रहाट, वहाबचा बैल तो फिरवतो. पाणी पाटाने एका तुकड्यातून दुसऱ्यात उतरत जातं. अक्षय्य तृतीयेला पंच फिरतात. ज्याने तुकडा ओसाड टाकला किंवा पाणी बिघडवलं त्याचा काढून घेतात. सगळा कारभार येसाजीकडे.

त्यातला कोंडाजीचा तुकडा चार पावसाळे तसाच पडलाय. कोंडाजी गेला गिरणीत, तुकडा गेला घाणेरीत. कोणी घेईना. मी घेतला.

का घेतला? आमच्या घरात मातीला हात लावू देत नाहीत. सोनाराच्या घरची धूळसुद्धा झाडून जपून ठेवतात, तिच्यात सोन्याचा कण असतो म्हणून. लग्न होऊन आले तेव्हापासून अंगणात तुळस सोडून मी काही लावलेलं नाही. आता सूनबाईने घर हातात घेतलं, नात ठकी दिवसभर झोपते नि मी रिकामी. हे म्हणाले, "या वयात?" मी म्हटलं, "मग कुठल्या वयात?" 

आज संकष्टी. चंद्र उगवायची वाट बघत लिहितेय. पोटात कावळे ओरडतायत पण मन कसं गार आहे.

माघ वद्य दशमी, रविवार

तुकडा साफ झाला! मी एकटीने नाही म्हणा, वहाबने घाणेरीची खोडं बैलाला बांधून ओढून दिली. पण बाकी मीच. तळहाताला फोड आलेत, ते सूनबाईला दाखवत फिरले तर ती म्हणते, "आई, फोड काय दागिने आहेत दाखवायला?"

वाफेही केले. चांगले उंच, कडा थापून, गादीसारखे. पाट मधून ठेवला. लांबून बघितलं तर घरात पाहुणे यायचे म्हणून कोणी बिछाने घातलेत असं वाटावं. मी खूष.

खालच्या तुकड्यात जनी आहे. तिचा नवरा मागे तापाने गेला. ती आणि तिची मुलगी राही, दोघी त्या तुकड्यावर जगतात. भाजी डोक्यावर घेऊन अलिबागला चालत जातात. जनी कमी बोलते. आज मात्र बांधावर येऊन उभी राहिली, माझे वाफे बघितले नि म्हणाली, "काकी, ह्ये वाफं का गाद्या?"

"का गं, छान नाही दिसत?"

"दिसत्यात छान. पन पानी वर चढल कसं? पाटातनं येईल नि पाटातनं खाली जाईल. तुजी भाजी बघत ऱ्हाईल नि माजी पील."

"पिऊ दे की. तुझी काय नि माझी काय."

जनीने पदराने तोंड झाकलं. हसली असावी. मग म्हणाली, "वाफा खोल कर गो काकी. ताटासारका न्हाय, वाटीसारका." पण एवढे सुंदर थापलेले मोडायचा माझा जीव होईना. बघू पुढे.

होळीचा दुसरा दिवस

उगवलं! भोपळ्याचं पहिलं पान, दोन बाजूंना दोन कान असल्यासारखं. तिथेच मांडी घालून बसले नि त्याच्याशी बोलत राहिले. वहाब बैलाला चारा घालत होता. म्हणतो, "काकी, कोन हाय तिथं?" मी म्हटलं, "नातू झालाय मला."

झेंडूही आला. आणि कुठलंसं एक रोप, मी न लावलेलं. त्यालाही पाणी घातलं. बिचारं आपण होऊन आलंय.

चैत्र शुद्ध दशमी, मंगळवार

पाणी वर चढत नाही हे खरं. कळशीने घालावं लागतं. जनीचं खरं होतं, पण आता मोडले तर रोपं जातील. जनीने तिचा एक वाफा दाखवला, मिरचीचा. अशी मिरची मी जन्मात बघितली नाही, काळीभोर पानं, फुलं लगडलेली. वांगी टोपलीभर येतील असं दिसतंय. जनी म्हणाली, "ह्या साली पिकलं तर राहीचं लगीन हून जाईल." मग जास्त बोललोय असं वाटून तिने विळा उचलला.

वहाब माडाची रोपं लावत होता देवळामागे. खड्ड्यात मूठ मूठ मीठ टाकत होता. मी विचारलं मीठ कशाला. म्हणाला, "माड मिठावर खुलतो, काकी. गोरागोमटा व्हतो." मला फार नवल वाटलं. माणसालाही मीठ लागतं नि माडालाही.

मिठावरून आठवलं. सगळीकडे सध्या मिठाचंच बोलणं. धर्मा शाळेत शिकवून येतो नि जेवता जेवता मिठाचं सांगतो. खाडीतोंडाशी मोठमोठ्या कढया लावून पोरं खारं पाणी आटवतायत, कायदा मोडायला. हे म्हणाले, "आमटीत आहे का आधी बघ, मग कायदा मोड." धर्मा रागावला. दोघांचा असला वाद मला आवडतो. घर कसं भरल्यासारखं वाटतं.

हनुमान जयंती, रविवार

आज काय दिवस गेला! अलिबागहून बाया आल्या होत्या, खादी नेसलेल्या, पाच-सहाजणी. त्यांच्यात एक वकिलीणबाई, गोऱ्या, उंच, आवाज देवळातल्या घंटेसारखा. बैलगाडीत मिठाचं पोतं. त्या पोरांनी आटवलेलं. धर्माने त्यांना आमच्याच घरी आणलं. वकिलीणबाईंनी माझे हात हातात घेतले, फोडांवरून बोट फिरवलं नि म्हणाल्या, "आजी, या हातांनी हे मीठ गावात घरोघर वाटायचं. तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या बाईने दिलं की कोणी नाही म्हणणार नाही." माझा ऊर असा भरून आला! मी म्हटलं, "एक घर सुटायचं नाही."

त्यांना तुकडाही दाखवला. भोपळ्याला कळी आली आहे.

संध्याकाळी दर्शनाला गेले. पौर्णिमेचं उधाण, खाडी बांधापर्यंत आलेली. बांधात उघाडी आहे, म्हणजे लाकडाचं दार. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडायचं नि भरतीला बंद ठेवायचं, खारं पाणी आत येऊ नये म्हणून. जनी तिथे वाकून काहीतरी करत होती. मी हाक मारली, "काय गं?" तर म्हणाली, "चिंबोऱ्या हायत काकी, राहीला आवडतात." उघाडीच्या फटीत खेकडे बसतात म्हणे. मी पुढे गेले.

चैत्र वद्य पंचमी, शुक्रवार

काय सांगू. ते मीठ.

आधी आमच्याच घरात वापरून बघितलं. काळपट, ओलसर, दाताखाली वाळू कचकचते. आणि नुसतं खारट नाही, कडू. आमटीत घातलं तर आमटी कडू, भाताच्या पेजेत घातलं तर पेज कडू. हे तर दोन दिवस परसाकडे धावतायत. धर्मा मात्र डोळे मिटून खातो नि म्हणतो, "गोड लागतंय." सूनबाई गुपचूप वाण्याचं मीठ घालते.

आता हे घरोघर कसं देऊ? कोणाच्या चुलीत हे जाऊ दे म्हणू? आणि वकिलीणबाईंना काय सांगू, तुमचं मीठ खाववत नाही? टाकूनही देता येत नाही. माणसांनी मार खाऊन आटवलेलं मीठ, उकिरड्यावर कसं टाकायचं? पाप लागेल.

मग मला वहाबचे माड आठवले. माड मिठावर खुलतो तर भोपळ्याने काय घोडं मारलंय? माझी रोपं तशीही पिवळट पडलीयत. आज दुपारी वाडीत कोणी नव्हतं. पोतं ओढत नेलं. एकेका रोपाला घालत बसले तर संपेना, म्हणून पाटाच्या तोंडाशीच ओतलं सगळं. पाणी आलं की आपोआप थोडं थोडं सगळ्यांना जाईल. देशाचं मीठ देवाच्या जमिनीला. मला तर वाटलं याहून चांगली जागा नाही.

रात्री जेवताना धर्माने विचारलं, "आई, वाटलंस का?" मी म्हटलं, "सगळं गेलं रे बाबा." तो उठून माझ्या पाया पडला.

चैत्र वद्य द्वादशी, शुक्रवार

वाईट बातमी. जनीची मिरची जळली. वांग्यांची पानं कडेने करपून गुंडाळली, जणू कोणी निखारा फिरवलाय. माझंही फारसं बरं नाही, झेंडूने माना टाकल्या, पण माझे वाफे उंच नि पाणी मी कळशीने विहिरीवरून आणून घालते, म्हणून भोपळा टिकलाय. उन्हाळाच कडक आहे यंदा.

येसाजीने जनीची माती जिभेवर ठेवून थुंकली. "खारी आहे," म्हणाला. "खाडीचं पाणी शिरलंय."

विहिरीवर आज दुसरं बोलणं नाही. खारं पाणी शिरलं म्हणजे उघाडी उघडी राहिली. कोणी ठेवली? मी आपलं सहज म्हटलं, "पौर्णिमेला जनी होती गं उघाडीपाशी. उधाण होतं, तेव्हाच." तर सगळ्यांच्या कळशा थांबल्या. "काय करत होती?" "वाकली होती. चिंबोऱ्या धरते म्हणाली." "हं. चिंबोऱ्या!" मग एकीने सांगितलं की रहाटाची पाळी यायला उशीर लागतो म्हणून जनी कुरकुरत होती. दुसरीने आणखी काही. मीही दोनचार गोष्टी सांगितल्या, मागच्या. एवढा वेळ विहिरीवर मी कधी बसले नव्हते. घरी यायला दुपार झाली, सूनबाई रागावली.

नवल म्हणजे, जनीचा खाडीकडचा कोपरा हिरवागार आहे. जळलंय ते सगळं माझ्या बाजूचं.

चैत्र अमावास्या

आज पाटाला पाळी नव्हती, पाट सुकला होता. पाटाच्या तोंडाशी पांढरं काहीतरी दिसलं, पिठासारखं, मातीवर साय धरल्यासारखं. सोनाराच्या घरची सवय, काहीही चमकलं की बोट लावून बघायचं. बोट लावलं. जिभेला लावलं.

कडू.

खाडीचं पाणी कडू नसतं. ते मी ओळखते, मुलं लहान असताना त्यात पाय बुडवून बसायचो. ही चव मी चार-पाच दिवस आमटीत खाल्ली आहे.

मग पाटाच्या कडेकडेने चालत गेले. पांढरी रेघ माझ्या वाफ्यांना शिवत शिवत खाली, बांधातून जनीच्या मिरचीपर्यंत. तिचे वाफे वाटीसारखे. जे आलं ते सगळं त्यांनी धरून ठेवलं.

जनी तिथेच होती. वाळलेली रोपं उपटत होती. मला म्हणाली, "काकी, लोक काय बोलत्यात ऐकलंस? मी उघाडी उगडी टाकली म्हने. मी काय वेडी हाय? माजंच पीक जाळायला?"

मी म्हटलं, "लोकांच्या तोंडाला कोण लागणार." आणि घरी आले.

ठकीला मांडीवर घेऊन बसले तर ती हसली. मला बघवेना तिच्याकडे.

अक्षय्य तृतीया, गुरुवार

पंच फिरले. जनीच्या तुकड्यापाशी थांबले. जनी उभी, मागे राही. जनी एरवी बोलत नाही, आज बोलली. "येसाजीदादा, खाडी हाय खाली. पानी खाडीतनं आलं तर आधी खालची मिरची जळंल का वरची? बघा ना डोळ्यानं. खालची हिरवी हाय."

येसाजी म्हणाला, "पाणी कुठून कुठे जातं हे तू पंचांना शिकवू नको." मग माझ्याकडे वळला. "रतनकाकी, तुम्हीच म्हणाला होता ना, पौर्णिमेला जनी उघाडीपाशी होती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हेही होते, धर्माही. माझ्या मागे माझा भोपळा, दोन फुलं आलेला. पाणी बिघडवणाऱ्याचा तुकडा जातो, हे डोक्यात होतं. आणखी काय काय होतं ते लिहायला नको.

मी म्हटलं, "होती."

एवढंच. खोटं नाही त्यात काही. पण जनीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अजून काहीतरी बोलणार आहे नि ती वाट बघतेय. मी पदर सारखा केला.

पंचांनी तिचा तुकडा काढून घ्यायचं ठरवलं. पाऊस लागायच्या आत रिकामा करायचा.

माझ्या वाफ्यांचं पंचांनी कौतुक केलं. म्हणाले, इतके देखणे वाफे वाडीत कोणाचे नाहीत.

वैशाख शुद्ध पंचमी

वाडीत गेले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं. ह्यांनी सुंठ उगाळून लावली कपाळाला. ह्यांना सांगावं म्हणून तोंड उघडलं नि म्हटलं, "भोपळ्याला पाणी घालून या कोणीतरी."

वैशाख शुद्ध अष्टमी, मंगळवार

अलिबागच्या बाया परत आल्या. सांगून-सवरून नाही, एकदम. वकिलीणबाईंच्या हातात सुताचा हार. धर्माने त्यांना सांगितलं होतं म्हणे, आईने सगळं मीठ घरोघर वाटलं. अंगणात सतरंजी घातली, गाव जमला. येसाजी पुढे, नवं उपरणं. वहाब मागे भिंतीला टेकून. जनीही आली होती, राहीला घेऊन, दाराशी उभी. पाहुणे येतात तेव्हा सगळेच येतात, तिला कोण नको म्हणणार.

वकिलीणबाई बोलल्या. माझ्यावर इतकं बोलल्या की मी कोण हे मलाच कळेना. हार माझ्या गळ्यात घातला. मग म्हणाल्या, "ज्या ज्या घरात आजींच्या हातचं मीठ पोचलं, त्यांनी हात वर करा."

मी वर बघितलं नाही. मला वाटलं, आता एकही हात वर होणार नाही नि जमीन दुभंगेल.

तर पहिला हात आमच्या सूनबाईचा. घरची अब्रू. तो बघून विहिरीवरची एक. मग दुसरी. मीठ मिळालं नाही म्हणायची कोणाची छाती, लोक म्हणतील हिला वगळलं. एकीमागून एक, सगळ्यांचे हात वर. येसाजीचासुद्धा! धर्माचे डोळे भरून आले.

एकटी जनी हात खाली ठेवून. वकिलीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला नाही मिळालं, बाई?"

जनी म्हणाली, "माज्याकडं न्हाय आलं मीठ."

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "तुलाच आलं गं. सगळं तुलाच आलं."

कोणाला काही कळलं नाही. मग सांगितलं. उभी राहून सांगितलं, हार गळ्यात तसाच, काढायचं सुचलं नाही. मीठ कडू होतं, कोणाला द्यायला धजले नाही, पाटात ओतलं, पाणी खाली गेलं. उघाडी कोणी उघडली नाही. जनी चिंबोऱ्या धरत होती, तिने मला तेव्हाच सांगितलं होतं, ते मला माहीत होतं नि पंचांपुढे मी अर्धंच बोलले.

पाहुण्यांतली एक तरणी मुलगी फिसकन हसली. "भोपळ्याला मीठ! किती गोड आहेत आजी." वकिलीणबाईंनी तिच्याकडे डोळे वटारले, पण मग आणखी दोघींना हसू आवरेना. चारचौघांत कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. हसू नका गं, असं म्हणावंसं वाटलं. म्हणायला तोंड कुठे होतं?

जनी हसली नाही, रडली नाही. म्हणाली, "अखजीला, पंचांम्होरं बोलायचं व्हतंस काकी. माजं तोंड बगून तरी."

मी म्हटलं, "माझा तुकडा तू घे, जने. आजपासून तुझा."

"मला तुजा तुकडा नगं. माजं नाव दे मागारी. इहिरीवर बोललीस ना? ज्या ज्या बाईला बोललीस तिच्या घरी जा नि बोल. हितं न्हाय. हितं पाव्हनं हायत, हितं समदे हसत्यात."

आणि राहीचा हात धरून गेली.

येसाजी घसा खाकरून म्हणाला, पंचांना पुन्हा बसावं लागेल. धर्मा आत गेला नि दार लोटून घेतलं. ह्यांनी माझ्या गळ्यातला हार हळूच काढला, खुंटीला लावला नि म्हणाले, "पाहुण्यांना पन्हं द्या." मी पन्हं केलं. साखर जास्त झाली.

निघताना वकिलीणबाई गाडीपाशी घुटमळल्या. म्हणाल्या, "मीठ आम्हीच आणलं होतं, आजी. चाखून बघायला हवं होतं आधी. मी परत येईन." मी मान हलवली.

वैशाख शुद्ध एकादशी, शुक्रवार

पंच बसले. जनीचा तुकडा जनीकडेच राहील. माझा गेला. नियम तो नियम, येसाजी म्हणाला, नि मला बरं वाटलं की कोणीतरी काहीतरी काढून घेतलं. पण घ्यायला कोणी पुढे येईना. "मिठाचा तुकडा" म्हणतात आता त्याला. म्हणून येसाजीने सांगितलं, कोणी मागेपर्यंत पाणी घालत राहा, पण तुमचा नव्हे.

तीन दिवस घरोघर फिरतेय. कोणकोणाकडे बोलले होते ते आठवतानाच घाम फुटतो. विहिरीवर होत्या त्या तर झाल्याच, पण दळायला गेले तिथे बोलले होते, देवळाच्या पायरीवर बोलले होते, अलिबागला निघालेल्या गाडीवानालासुद्धा सांगितलं होतं. माझं तोंड एवढं फिरलं हे मला माहीतच नव्हतं.

प्रत्येक घरी पाट मांडतात, गूळपाणी देतात. मी सांगते: जनीची काही चूक नव्हती, मी मीठ ओतलं. त्या ऐकतात, हळहळतात, वर मलाच धीर देतात. "काकी, तुम्ही मनाच्या मोठ्या म्हणून अंगावर घेताय." मी म्हणते, "अगं अंगावर घेत नाही, केलं मी." "असेल, असेल. पण ती उधाणाच्या वेळी तिथे करत काय होती?" "चिंबोऱ्या धरत होती." "असं ती म्हणते."

असं तीन घरी झालं. चौथ्या घरी मी ओरडले. मग त्या घरची सासू सुनेला म्हणाली, "काकींना ऊन लागलंय."

धर्मा माझ्याशी बोलतो, पण जेवणापुरतं. हे काल म्हणाले, "आमच्या धंद्यात हीण सोन्यात मिसळलं तर आटवून वेगळं काढता येतं. तुझ्या धंद्यात काय करतात?" चेष्टा करत होते की खरंच विचारत होते, कळलं नाही.  

माझी पाण्याची पाळी मी जनीकडे सोडली. गोड्या पाण्याने वाफे पुन्हा पुन्हा भरले नि सोडून दिले तर खार उतरतो, असं वहाब म्हणतो. ती पाणी घेते. पाट माझ्या बाजूने मी फोडते, तिच्या बाजूने ती, मध्ये बांध. आज मी म्हटलं, "दळणवाल्या बाईकडे जाऊन आले." ती म्हणाली, "गाडीवान ऱ्हायला." 

उद्या गाडीवानाकडे जायचं.

भोपळा धरलाय, मुठीएवढा. सूनबाईला सांगितलं, तो कोणी तोडायचा नाही. आपला नाही तो.

वकिलीणबाईंचा निरोप आलाय. अमावास्या उलटली की लगेच येणारा गुरुवार. त्या दिवशी बाया परत येणार आहेत, बिनपोत्याच्या, नुसत्या बसायला. मी उलट निरोप धाडला की आमच्याकडे नको, सतरंजी जनीच्या दारात घालीन. जनीला बांधावरून विचारलं. तिने पाटातला गाळ काढला, हात धुतले, नि "गुरवारी बाजार असतो" एवढंच म्हणाली. नाही म्हणाली नाही. गुरुवार लिहून ठेवते.